राही, धुकं आणि बुडणारी भेट

ढगमाथा नावाच्या उंच डोंगरावर कॉफीचा एक मळा होता. मळ्याच्या कडेला होतं एवढुसं, टिकलीएवढं कुडाचं घर. त्या घरात राही आणि तिची आई तुळसा, अशा दोघीच राहायच्या. राही आठ वर्षांची होती. तिच्याकडे दोन झगे होते, एक अंगात आणि एक दोरीवर.

तुळसा मळ्यात कॉफीची लाल लाल फळं तोडायची. तोडलेली फळं मोठ्या टाकीतल्या पाण्यात ओतायची तिथली रीत होती. आतून भरलेली फळं गुपचूप तळाशी जायची आणि आतून पोकळ असलेली टुण्णकन वर यायची. तळाची सगळी मालकांची, तरंगणारी मजुरांची. तुळसा ती तरंगती फळं ओंजळभर घरी आणायची, वाळवायची, सोलायची, बिया तव्यावर भाजायची, वरवंट्यानं भरडायची आणि गुळाचा खडा टाकून कॉफी करायची. अख्ख्या ढगमाथ्यावर कॉफीचं तिच्याएवढं वेड कुणालाच नव्हतं. पहिल्या घोटाला तिचे डोळे आपोआप मिटायचे.

"राहू," ती म्हणायची, "पोकळ बियांची अशी लागते, तर भरल्या बियांची कशी लागत असेल गं?"

"मालकांना विचार की."

"विचारलं होतं. त्यांना पित्त होतं म्हणे. ते ताक पितात."

आणि दोघी खिदळायच्या.

मग पौष महिना आला आणि डोंगरावर धुकं उतरलं. दरवर्षीच उतरायचं, पण दुपारी उठून निघून जायचं. या वर्षीचं धुकं उठेचना. ते झाडांना मिठी मारून बसलं. दाराच्या फटीतून एक लांब, पांढरं, ओलं बोट आत घालून ते घरात चाचपायला लागलं.

पहिल्या दिवशी चुलीवर भाकरी करपून काळी झाली, तरी आईला वास आला नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं कॉफीचा घोट घेतला आणि विचारलं, "नुसतं पाणी का दिलंस गं?"

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गुंफामावशीच्या डोक्यावरची चुंबळ तिच्याच बकरीनं ओढून खाल्ली. मावशी तिच्यामागे लंगडत धावली आणि शेणात बसली. आई एरवी पोट धरून हसली असती. त्या दिवशी तिनं नुसतं बघितलं. दगडाकडे बघावं तसं.

आणि चौथ्या दिवशी सकाळी राहीनं हाक मारली, "आई!"

आईनं ओ दिली नाही. राहीनं दहा वेळा हाक मारली. आई भिंतीकडे बघत बसून राहिली. मग हळूच मान वळवून म्हणाली, "तू… रा… काय गं बाई तुझं नाव? जिभेवर आहे अगदी."

राही धावत शेजारी गेली.

गुंफामावशी चुलीपाशी गुडघे शेकत बसली होती. सगळं ऐकून तिनं हातातली काटकी खाली ठेवली.

"धुक्यानं धरलंय तुळसाला. आमच्या लहानपणी एकाला असंच धरलं होतं. आधी वास नेतं, मग चव नेतं, मग हसू. आणि चौथ्या दिवशी दिवेलागणीला पोटच्या लेकराची ओळख घेऊन जातं."

"मग? मग परत कधी देतं?"

"देत नाही, बाळा."

राहीचे ओठ थरथरायला लागले. मावशीनं तिला जवळ ओढलं.

"ऐक, रडू नको. एक उपाय आहे म्हणतात. माणसाच्या जिवाजोगी एक भेट आणायची. आपल्या माणसानं निवडलेली आणि छान बांधलेली. कशीतरी कागदात गुंडाळलेली चालत नाही. ती दिवेलागणीच्या आत त्याच्या मांडीवर ठेवायची. पण तसली भेट बाजारात मिळत नाही. वरच्या रानात, ओहोळापाशी एक परी आहे, तिच्याकडे असते म्हणे."

"तुम्ही पाहिलीय परी?"

"मी? मला हे गुडघे न्हाणीपर्यंत जाऊ देत नाहीत, परीपर्यंत कुठले! तू जा. मी तुळसापाशी बसते. आणि हे बघ, वाटेत कुणी हाक मारली तर—"

"तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माहितेय."

ढगमाथ्यावर हे सगळ्या लेकरांना बोलता यायच्या आधीच शिकवतात. रानातलं जे काही असतं ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची.

राही निघाली. मळा संपला आणि रान सुरू झालं. धुकं इतकं दाट की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसेनात. झाडं एकेक करून समोर यायची, काळी, वाकडी, आणि पाठीमागे गेली की नाहीशी व्हायची. कुठेतरी पान वाजलं. कुठेतरी काहीच वाजलं नाही, आणि ते जास्त भीतीचं होतं. तुम्ही-आम्ही असतो तर आल्या पावली परत फिरलो असतो आणि वर घरी सांगितलं असतं की वाट सापडली नाही. राहीलाही तसं दोनदा वाटलं. पण मग तिला आईचं ते "काय गं बाई तुझं नाव" आठवायचं आणि पाय पुढे पडायचे.

एकदम ओहोळाची झुळझुळ ऐकू आली. आणि धुक्याच्या मधोमध एक उजेडाचा गोल दिसला, नव्या दिव्याच्या ज्योतीसारखा.

त्या उजेडात एक जांभळाचं झाड होतं. झाडाला जांभळं नव्हती, भेटी लागल्या होत्या! चिमुकल्या, टपोऱ्या, लखलखत्या भेटी. मोरपंखी कागदातल्या, गुलाबी कागदातल्या, चांदण्यांची खडी लावलेल्या, इवल्या आरशांनी मढवलेल्या. कुणाला रेशमी गोंडे, तर कुणाला घुंगरू. वारा आला की सगळं झाड रुणझुणायचं. आणि फांदीवर बसून एक हातभर उंचीची परी कागदाला घडी घालत होती. तिचा घागरा पिकल्या फळासारखा लालबुंद होता, आणि चतुरासारख्या पारदर्शक पंखांवर सोनेरी ठिपके होते.

"अगंबाई, गिऱ्हाईक!" परी म्हणाली. "ये, राही. मी लुकलुकी. कुणासाठी हवी भेट?"

"आईसाठी. तिला कॉफी फार आवडते. आणि ती… ती मला विसरायला लागलीय." एवढं बोलून राहीला रडू आलं.

परी अलगद खाली उतरली. तिनं पंखाच्या टोकानं राहीचे डोळे पुसले.

"या झाडावर तुझ्या आईची भेट आहे, बाळा. पण माझे नियम आहेत, ते नीट ऐक. एकच भेट निवडायची. निवडताना उघडायची नाही, हलवायची नाही, हुंगायची नाही. ती एकदाच उघडते, आणि जिच्यापुढे उघडेल तिचीच होते. म्हणून वाटेत उघडू नकोस. आणि घरी पोचेपर्यंत कुणाच्याही हाकेला ओ देऊ नकोस. अगदी तिसऱ्या हाकेलाही नाही. आज धुकं भुकेलंय. ओ दिलीस, तर तुझ्यातलंही काहीतरी घेऊन जाईल."

राहीनं मान हलवली. ती झाडाखाली उभी राहून बघत राहिली. कशी ओळखायची? एका खालच्या फांदीला एक साधं पुडकं होतं, तपकिरी कागदाचं, सुतळीनं बांधलेलं. तिला वाटलं, हेच असणार. गोष्टींमध्ये नेहमी साधंच खरं निघतं. पण वाटणं वेगळं आणि खात्री वेगळी. आणि चुकली तर आई गेली. आई जन्मभर तिच्याकडे दगडासारखी बघणार.

राहीच्या मनात आलं, आईला आजवर पोकळ बियांचीच कॉफी मिळाली. भेट तरी भरलेली मिळू दे. आणि भरलेलं कसं ओळखायचं, हे तर ढगमाथ्यावरच्या कुणालाही ठाऊक असतं.

तिनं तपकिरी पुडकं काढलं आणि थेट ओहोळात टाकलं.

"अगं अगं अगं!" परी किंचाळली.

पुडकं टुण्णकन वर आलं आणि तरंगायला लागलं. राहीनं मोरपंखी टाकलं, तेही वर आलं. गुलाबी वर, आरशांचं वर, घुंगरांचं तर वर येऊन वाजायलाच लागलं. कागद भिजले, रंग सुटले. ओहोळ आधी निळा झाला, मग गुलाबी, मग जांभळा.

"माझे कागद!" परी डोकं धरून बसली. "एकेका घडीला तासतास घालवते मी!"

शेवटी एकच भेट राहिली. सगळ्यांत भडक. सोनेरी कागद, वर हिरवे गोंडे, गोंड्यांवर टिकल्या आणि टिकल्यांवर पुन्हा टिकल्या. राहीला ती मुळीच आवडली नव्हती. तिनं ती पाण्यात सोडली.

ती बुडली. गुपचूप, तळाशी.

"ही!" राही ओरडली आणि खांद्यापर्यंत हात घालून तिनं ती बाहेर काढली. पाणी इतकं थंड होतं की हात जांभळा पडला. कागदाचा लगदा झाला होता. आत झाकणाचा एक चिमुकला पितळी पेला होता, आणि झाकण घट्ट बसलेलं होतं.

परीनं सुस्कारा सोडला. "ओळखलीस गं बाई. बाकीच्यांत नुसता वारा. मी बांधते फार सुंदर, पण आत काहीतरी घालायचं असतं हेच विसरते. या पेल्यात भरल्या बियांची कॉफी आहे, झाकण उघडेपर्यंत गरम राहील. तुझ्या आईनं हिचा एक घोट घेतला की गेलेलं सगळं परत येईल. पण आता बांधणार कशात? माझा नियम आहे, मी एक भेट एकदाच बांधते. आणि उघडीवाघडी भेट चालायची नाही."

राहीनं इकडे तिकडे बघितलं. ओहोळाच्या पलीकडे पळस होता. तिनं त्याची रुंद, स्वच्छ चार पानं तोडली. पत्रावळ टाचतात तशी एकाला एक काडीनं टाचली, मधे पेला ठेवला, पानं चहूबाजूंनी वर घेतली आणि आपल्या वेणीची लाल रिबीन सोडून वर फूल बांधलं.

परी वाकून बघत राहिली. "हं," ती जरा फुरंगटून म्हणाली. "बरं दिसतंय. पळ आता! दिवस कलला!"

राही पळाली. मागे उजेडाचा गोल विझला आणि पुन्हा धुक्यानं तिला घेरलं.

"राहीऽऽ," कुणीतरी हाक मारली. आवाज आईचा होता. अगदी आईचा.

राहीच्या अंगावर काटा आला. तिनं दात घट्ट मिटले.

"राहीऽऽ, थांब गं!" आता अगदी कानाशी. मानेवर काहीतरी ओलं फिरलं. ती रडत रडत पळत राहिली, पण ओ दिली नाही. तिसरी हाक आली नाही.

खाली मळा दिसायला लागला. घराचं छप्पर दिसायला लागलं. पन्नास पावलं, फार तर साठ. तेवढ्यात धुक्यातून वेगळाच आवाज आला. तो तिला हाक मारत नव्हता.

"बाळा… कुठे गेलास रे? बाळा… ओ दे ना. बाळा…"

दोनदा झालं. तिसऱ्यांदा. पाचव्यांदा. दहाव्यांदा. रडून रडून फाटलेला आवाज, आणि त्याला कुणीच ओ देत नव्हतं.

राहीचे पाय थांबले. आज सकाळी तिनंही दहा वेळा हाक मारली होती. ओ आली नाही की छातीत कसं होतं, हे तिला माहीत होतं.

परीनं नको म्हणून सांगितलं होतं. राहीनं डोळे घट्ट मिटले, पेला पोटाशी धरला आणि बारीक आवाजात म्हणाली, "ओ…"

त्याच क्षणी जगातले सगळे रंग गेले. रिबीन राखाडी झाली, पानं राखाडी झाली, तिचे स्वतःचे हातसुद्धा राखाडी झाले. समोरचं धुकं गोळा होत होत उंच उभं राहिलं, झाडाहून उंच, आणि त्याला दोन रिकामे डोळे फुटले.

"ओ दिलीस?" धुकं म्हणालं. "मला कुणी ओ देत नाही. पण तू माझं बाळ नाहीस. तू तर तिची! त्या बाईची, जी माझी पिल्लं पिते!"

"कु… कुणाची पिल्लं?"

"माझी! इवली इवली, पांढरी, वळवळणारी. रोज सकाळी तिच्या पेल्यातून वर येतात, मी खिडकीतून बघते ना! ती तोंड खाली नेते, आणि माझं पिल्लू नाहीसं! म्हणून मी तिचा वास घेतला, चव घेतली, हसू घेतलं. आज दिवेलागणीला तिचं पिल्लू घेईन. कळू दे तिला!"

राहीला एकदम कळलं.

"अहो धुकेमावशी, ती वाफ! कॉफीची वाफ! आई वाफ पीत नाही, ती फुंकर घालून सोडून देते. बाहेर. तुमच्याकडेच."

"खोटं!" धुकं कडाडलं. आणि मग अगदी हळू म्हणालं, "दाखव."

दाखवायचं कसं? एकच पेला होता, आणि तो एकदाच उघडणार होता. जिच्यापुढे उघडेल तिचा. सूर्य डोंगराला टेकला होता. धुक्यानं तोंड झाकून पुन्हा रडायला सुरुवात केली होती. रडणाऱ्याला पाठलाग करता येत नाही. घर पन्नास पावलांवर होतं. पळता आलं असतं.

पण आई बरी झाली तरी उद्या सकाळी पेला भरणारच, आणि इथे पुन्हा कुणीतरी "बाळा, बाळा" करत बसणार. राहीला पुढे पाऊल टाकवेना.

"आई, चुकलं तर रागावू नकोस गं," ती पुटपुटली. आणि तिनं रिबीन सोडली, पानं उलगडली, झाकण उघडलं.

काय तो दरवळ! पेल्यातून एक शुभ्र, चिमुकली वाफ डुलत डुलत वर आली. राहीनं ओठांचा चंबू करून तिला हळूच फुंकर घातली. वाफ गिरकी घेत उडाली आणि धुक्याच्या कुशीत शिरली. मग दुसरी गेली, मग तिसरी.

धुक्यानं सगळ्या वाफा छातीशी धरल्या.

"ऊबदार आहेत गं," ते म्हणालं. "म्हणजे ती त्यांना मोकळं करत होती? माझ्यासाठी?"

राही खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. "जीभ भाजू नये म्हणून," ती म्हणाली. "पण येतात त्या तुमच्याकडेच."

धुक्याला हसू फुटलं. मोठ्ठं, ओलं, थेंबाथेंबांचं हसू. हसता हसता ते विरळ व्हायला लागलं. राहीच्या हातातली रिबीन हळूहळू लाल झाली. पेल्यातली कॉफी मात्र वाफ होऊन सगळी उडून गेली होती.

"मी फार वाईट वागले," धुकं म्हणालं. "तिचं सगळं परत देते. पण मला घरात कुणी घेत नाही, तूच घेऊन जा." आणि रिकाम्या पेल्यात तीन थेंब पडले. टप. टप. टप.

राहीनं झाकण लावलं, पेला पुन्हा पानांत बांधला, रिबिनीचं फूल केलं आणि जीव खाऊन धावली.

घरात अंधार शिरत होता. गुंफामावशी चुलीवर भात चढवून बसल्या बसल्या पेंगत होती, तिची बकरी शेजारीच रवंथ करत होती. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"आई."

ओ नाही.

राहीनं पुडकं आईच्या मांडीवर ठेवलं. आई बराच वेळ त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिनं रिबिनीवरून बोट फिरवलं, गाठ सोडली, पानं अजिबात न फाडता बाजूला केली आणि झाकण काढलं.

पहिला थेंब चमकून उडाला. आईनं नाक वर केलं. "काय करपतंय गं?"

"अगंबाई, माझा भात!" गुंफामावशी दचकून उठली.

दुसरा थेंब उडाला. आईनं ओठांवरून जीभ फिरवली. "आणि हे खारट काय?"

"तुझ्या डोळ्यांतलं पाणी आहे, आई."

तिसरा थेंब उडाला. मावशीनं घाईघाईत पातेलं उतरवलं, ते पदराला चिकटलं, पदर सोडवायला गेली तर भात बकरीच्या अंगावर. आईच्या पोटातून काहीतरी गुडगुडत वर आलं, आणि ती हसली! भिंती हलतील अशी हसली.

"राही!" ती म्हणाली. "अगं राही, बघ तरी मावशीकडे!"

"ओ!" राही म्हणाली, आणि तिच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली.

तेवढ्यात दारात उजेड झाला. उंबरठ्यावर लुकलुकी परी उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"राही. दोन नियम मोडलेस. ओ दिलीस, आणि वाटेत उघडलंस."

राही आईला आणखी घट्ट बिलगली. आता ही काय नेणार?

"माझे नियम तुला सांभाळायला केले होते," परी म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला. "तू ते घाबरत घाबरत मोडलेस, दुसऱ्याचं रडू थांबवायला. त्याची शिक्षा नसते, बाळा, बक्षीस असतं. एक इच्छा माग. पण पटकन, उजेड आहे तोवर."

राहीला नवा झगा आठवला. मोठं घर आठवलं. मग तिनं आईच्या हातातला रिकामा पेला बघितला.

"आईची कॉफी मी दुसऱ्याला देऊन टाकली. तिला भरल्या बियांची कॉफी मिळू दे. तिच्या स्वतःच्या झाडांची."

परीनं राहीच्या कपाळाचा पापा घेतला. मग ती गिरक्या घेत वर उडाली, लाल, सोनेरी, मग पांढरी, मग इतकी लख्ख की बघवेना, आणि फुटून हजार ठिणग्या झाली. ठिणग्या घराभोवती पडल्या. जिथे पडल्या तिथे कॉफीची हिरवीगार झुडपं उभी राहिली, आणि प्रत्येक फांदीवर पांढऱ्याशुभ्र फुलांचे झुबके उमलले, चांदण्या ओवल्यासारखे. कॉफी फुलते चैत्रात. पण ढगमाथ्यावर त्या वर्षी ती पौषात फुलली. परी कुठेच नव्हती. नुसता मोगऱ्यासारखा वास होता, घरभर, डोंगरभर.

आई डोळे मिटून वास घेत राहिली, इतका वेळ की मावशीनं तिला हलवून बघितलं.

"आता फळं धरतील, पिकतील," आई म्हणाली. "नऊ महिने तरी लागतील."

"नऊ महिन्यांत लेकरू होतं," मावशी पातेलं खरवडत म्हणाली, "कॉफीला काय झालं व्हायला!"

त्या संध्याकाळी आईनं काहीच काम केलं नाही. ती फुलांपाशी बसून राहिली, आणि राही झुडपांमधून बागडत राहिली. मधेच आईनं हाक मारली.

"राही!"

"ओ!"

"काही नाही गं. नुसतंच."